कोण गेलं?

आमच्या वाडीतले गुरुप्रसादकाका रत्नागिरी स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा चालवतात. त्यांच्या रिक्षात बसलेला माणूस घरी पोचेपर्यंत तीनदा हसतो आणि उतरताना भाडं ऐकून एकदा रडतो, असं ते स्वतःच सांगतात. पण आमच्या मुंबईकरांना हा माणूस ठाऊकच नाही. त्यांना ठाऊक आहे तो वाडीच्या ग्रुपवरचा गुरुप्रसाद: 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की...'

वाडीतल्या रघूला वडील गेल्याचं उशिरा कळलं होतं. तो मुंबईहून पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तेव्हापासून मयताची बातमी ग्रुपवर टाकायचं काम काकांनी अंगावर घेतलं. दुसरं काही ते लिहीत नाहीत. विनोद टाइप करेपर्यंत शिळा होतो, म्हणे. त्यामुळे त्यांचं नाव फोनवर दिसलं की मुंबईत माणसं आधी खाली बसतात. शिमग्याला गाडीतून उतरलेलेही त्यांना बघून दचकतात.

"काका, कोण गेलं?"

"कोण नाय गेलं रे मेल्या, तू आलास!"

सगळे हसायचे. काकाही.

मग त्यांच्या मुलीचं, नम्रताचं, लग्न ठरलं. काकांनी हौसेने पत्रिका ग्रुपवर टाकली. ती उघडायच्या आधीच, नुसतं टाकणाऱ्याचं नाव बघून, कुणीतरी खाली लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याचं बघून दुसऱ्याने, मग रांगच लागली. चूक कळल्यावर सगळ्यांनी भराभर पुसलं, पण नम्रताने वाचलं होतं.

गंगाकाकूने पोरीची दृष्ट काढली आणि नवऱ्याला बजावलं, "लग्न पार पडेपर्यंत तुमच्या फोनातून मयताची बातमी जायची नाय. लिहील दुसरं कोणीतरी."

काका ग्रुपमधून बाहेर पडले. स्टँडवरचे विनोदही थांबले.

लग्न तोंडावर आलं आणि एका सकाळी यमुनाबाई गेल्या. रघूची आई. अख्खी वाडी अंगणात जमली. प्रत्येकाच्या हातात फोन, पण लिहायला कोणी तयार नाही. एकदा आपलं नाव लागलं की लागलं. मीसुद्धा रेंज शोधत आंब्याखाली जाऊन उभा राहिलो. रेंज भरपूर होती.

काकांनी रघूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ते नाव बघून उचलायचा धीर त्याला होत नसणार.

नम्रताने आपला फोन काढला. "सांगा बाबा, काय लिहू?"

"तू नको गो."

"मग परत रघूदादाला राख झाल्यावर कळू दे?"

काकांनी आपला फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "लिही. पण खाली नाव माझं घाल. माझं काय, खराबच आहे."

तिने ग्रुपवर लिहिलं, 'रघूदादा, आई गेल्या. शेवटचं पाणी बाबांनी पाजलं. तू येईपर्यंत आम्ही थांबतो.' खाली नाव घातलं: नम्रता गुरुप्रसाद.

लगेच तिचा फोन वाजला. तिने काही न बोलता तो वडिलांच्या हातात दिला.

पलीकडून रघूचा आवाज आला, "काका, तुम्ही आहात ना तिच्याजवळ?"

"आहे रे," काका म्हणाले. "तू सावकाश ये. स्टेशनावर मी येतो न्यायला."