देल्फिनामावशीने लिंबू पिळलं तो रविवार

इटलीच्या डोंगरातल्या आमच्या गावात नुसती वाइन कोणी पीत नाही. पिणारा एक तर आजारी असतो, नाहीतर बायकोशी भांडून आलेला. देल्फिनामावशी तर या बाबतीत फारच कडक. ताटातून वाफ येताना दिसल्याशिवाय ती बाटलीचं बूच काढू देत नाही.

एकाहत्तर वर्षांची ही बाई डोंगराच्या अंगावर, दगडी बांध घालून केलेल्या टप्प्यांवर द्राक्षं पिकवते. बांध ढासळला की स्वतः दगड रचते. शेजारधर्म म्हणून मी खाली उभा राहून सूचना देतो. "तोंडाने दगड उचलता येत असते ना, तर तुझ्याइतका कामाचा माणूस गावात नसता," असं तिचं माझ्याविषयी मत आहे.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. लेको शहरात राहणाऱ्या लेकीने, नोरीनाने, फर्मान काढलं: खालच्या गावातल्या एजिदिओने आपल्या खानावळीत तुझी वाइन ठेवली तर ठीक, नाहीतर वरचे तीन टप्पे सोडून द्यायचे. ते टप्पे मावशीच्या नवऱ्याने हाताने बांधलेले. सोडलेल्या टप्प्यांचं काय होतं हे आम्हाला पाठ आहे. दोन वर्षांत काटेरी झुडपं, पाचव्या वर्षी बांध दुसऱ्याच्या अंगणात.

एजिदिओ रविवारी दुपारी आला. मिलानला जाऊन वाइन चाखायचा कोर्स करून आल्यापासून तो नाकानेच बोलायचा. सोबत दोन नाजूक पेले आणि एक पत्र्याचा डबा.

"हा कशाला रे?"

"चव घेऊन थुंकायचं असतं, मावशी."

"माझी वाइन थुंकणार? तुझ्या आईला भेटते थांब."

पण कोर्सचा धाक तिलाही बसला असावा. नाहीतर तिने बाटली खडकातल्या तळघरातून तशीच गारेगार आणून ओतली नसती. वाळवलेल्या मांसाचे, आमच्या ब्रेझाओलाचे, पातळ काप तिने बशीत फुलासारखे मांडले आणि हॉटेलांच्या फोटोत असतं तसं वर अख्खं लिंबू पिळलं. एरवी घरात आम्ही ते कोरडेच खातो.

एजिदिओने एक काप खाल्ला, पेला फिरवला, घोट घेतला. डबा वाजला.

"तुरट आहे. लोखंड चाटल्यासारखं लागतंय. रंगही फिका."

"आपल्या द्राक्षाचा रंग असाच असतो," मी म्हणालो.

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाले.

मावशीने उघडी बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवली. मग म्हणाली, "थुंकून झालं असेल तर जेवून जा. उपाशी पाठवलं तर गाव मला नावं ठेवेल."

कुट्टूच्या काळपट पिठाच्या पट्ट्या तिने सकाळीच कापून ठेवल्या होत्या. बटाटा आणि कोबीबरोबर त्या उकडल्या, थरावर थर चीज घातलं, आणि वरून लसूण परतलेलं चुरचुरीत लोणी ओतलं. एजिदिओचं नाक आता कोर्सच्या आधीचं झालं. त्याने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला घशाशी लोणी आलं, तशी मावशीने न विचारता त्याचा पेला भरला. वास न घेता, पेला न फिरवता तो घटाघट प्यायला आणि थांबला.

"ही दुसरी आहे का?"

"तीच. तासभर उबेला होती एवढंच."

"मग मघाशी?"

मावशी त्या बशीकडे बघत राहिली. "लिंबू," ती म्हणाली. "मी बावळटासारखं लिंबू पिळलं. तुरटावर आंबट! आणि तू रे? एवढं शिकून आलास, तुला कळलं नाही?"

एजिदिओने लाजून ताट पुढे केलं. आणखी वाढून घेतलं, आणखी प्यायला. डबा पुन्हा वाजला नाही.

"ठेवतो," शेवटी तो म्हणाला. "पण फक्त याच पदार्थासोबत देईन. बूच तासभर आधी काढून."

"आणि लिंबू मागणाऱ्याला?"

"तुझ्याकडे पाठवतो."

त्याची गाडी वळणाआड जायच्या आत मावशीने नोरीनाला फोन लावला. पलीकडून गुडघ्यांची चौकशी झाली असावी, कारण मावशी म्हणाली, "गुडघे माझे आहेत, मी बघून घेईन. आणि शेजारच्या पोराला आता हातांनी काम करायला लावणार आहे."

सोमवारी मी वरच्या टप्प्यावर दगड उचलत होतो. सूचना ती देत होती.