काकूंच्या आधी

“थांब, आधी मी बघतो,” म्हणत काका काकूंच्या हातातला कप घ्यायचे आणि एक घोट प्यायचे. तो तोंडात घोळवून, भुवया आक्रसून कप परत द्यायचे. मगच काकूंचा चहा सुरू व्हायचा.

फुलपाड्यात ते दोघं आमच्या समोरच्या घरात राहायचे. दूध, पेढे, देवळातला प्रसाद, काहीच या तपासणीतून सुटलं नाही. मी दिलेली खीर त्यांनी माझ्यादेखत चाखली तेव्हा मला रागच आला होता. अर्नाळ्याची मासेवाली एकदा वैतागून म्हणाली, “म्हावरा कच्चाच चाखनार काय, काका?”

तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही आमच्यासारखाच संशय आला असता, की माणूस खादाड आहे आणि बायकोच्या ताटावर डोळा ठेवून आहे. मी काकूंना तसं सुचवलंही. त्या हसल्या. “सगळीकडे भेसळ आहे म्हणतात. काही झालंच तर मला व्हायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.”

पुढे काकूंना जिना चढताना दम लागू लागला. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला होता. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी देताना औषधवाला गालात हसला आणि तिथेच घोटाळा झाला. काकांनी चौकशी केली, तर ही पुरुषांची ‘तसली’ गोळी. तीच फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्याही सैल करते, हे डॉक्टरांनी फोनवर समजावलं, पण काकांना पटेना. डॉक्टर, दुकानदार, कंपनी सगळे आतून मिळालेले आहेत, असं ते मला जिन्यात ऐकवत राहिले.

काकू आणखी कोणती औषधं घेतात, हे डॉक्टरांनी नीट विचारलं होतं. काकांना कुणी विचारलं नाही, कारण पेशंट ते नव्हते. त्यांच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी कायम असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पाण्याचा पेला घेऊन बसल्या होत्या. “तू थांब,” म्हणून काकांनी त्यांची गोळी स्वतःच गिळली. थोड्या वेळाने छातीत कळ आली, तशी सवयीने खिशातली गोळी जिभेखाली ठेवली आणि बसल्या जागी कोसळले. दोन औषधांनी मिळून रक्तदाब पार खाली नेला, असं इस्पितळात सांगितलं. काका घरी आले नाहीत. मला त्या माणसाचा अजून राग येतो, आणि त्याच्यासाठी जीवही तुटतो.

काकू गोळीला हातच लावेनात. मीच समोर बसून त्यांना ती घ्यायला लावली.

परवा त्या भाजीची पिशवी घेऊन न थांबता वर आल्या. “दम नाही लागला गं,” माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. मग त्यांचे डोळे भरले.

“गोळी चांगली आहे. एवढं त्यांना कळायला हवं होतं.”