आदगोंडाचा मीत

उत्तर सिक्कीमच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा आमची पलटण राजस्थानात होती. संध्याकाळच्या फॉल-इनमध्ये कंपनी हवालदार मेजरनी ती वाचून दाखवली. वाळूतून थेट बर्फात. माझ्या शेजारी आदगोंडा पाटील उभा होता. मी उंब्रजजवळचा, तो मिरजेच्या पूर्वेकडचा. दोघंही लान्स नायक, एकाच सेक्शनचे. तो ओठ न हलवता म्हणाला, "तिकडं फुलांची झाडं लय मोठी असत्यात म्हणं."

"तू काय फुलं बघाय चाललायस?" मी म्हणालो.

"बघितली तर काय बिघडलं, गड्या?"

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला आदगोंडाचा हेवा वाटायचा. आजही वाटतो. तो जाऊन वीसेक वर्षं झाली, मी नायब सुभेदार होऊन पेन्शनवर आलो, साताऱ्यात घर बांधलं, तरी तो हेवा काही पेन्शनवर गेला नाही.

आमची पोस्ट कुठली आणि खालचं गाव कुठलं, त्यांची नावं लिहीत नाही. सवय आहे. पोस्ट डोंगराच्या धारेवर होती, गाव खाली नाल्यापलीकडे. वस्ती लेपचा लोकांची. बांबूची घरं, वेलदोड्याचे मळे, वरच्या टेकाडावर छोटा गोम्पा, म्हणजे त्यांचं बौद्ध मंदिर. एप्रिल लागला की मधलं सगळं जंगल गुरांस नावाच्या उंच झाडांच्या फुलांनी लाल व्हायचं. आमच्या कासला फुलं पायाशी असतात, तिकडे मान वर करून बघावी लागतात. पहिल्या वर्षी आदगोंडा पेट्रोलमध्ये चालताना इतका वर बघायचा की सेक्शन कमांडरनी त्याला दोनदा झापलं.

रोजचा दिवस ठरलेला. सकाळी पीटी, मग पाण्याचे जरीकेन, मग लिंक पेट्रोल, दुपारी हत्यारांची सफाई, सूर्य बुडायच्या आत स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात तयार. आदगोंडा जैन. मांस खायचा नाही. त्याच्या वाट्याचं मटण मी खायचो आणि माझी दूध पावडर त्याला द्यायचो. त्या बाबतीत आमचं उत्तम जमायचं.

गावातून पोर्टर यायचे. त्यांत पासांग नावाचा आमच्याच वयाचा गडी होता. एकदा त्याचा पाय मुरगळला, तेव्हा मी पट्टी बांधली आणि त्याचं ओझं पोस्टपर्यंत नेलं. त्यानंतर तो मला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं माझ्यासमोर चहा ठेवला. गावात पहिलं पाऊल माझं होतं, हे ध्यानात ठेवा.

पुढच्या वेळी मी आदगोंडाला बरोबर नेलं आणि संपलं सगळं. घरात मराठी, बाजारात कानडी, असं वाढलेलं पोरगं. त्याचा कान तयार होता. दोन महिन्यांत तो पासांगच्या आईशी तिच्या भाषेत हसायला लागला. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मळ्यात खुरपायला बसायचा. म्हातारी त्याच्यासाठी बिनमांसाचं वेगळं शिजवायची. मी तिथं बसून दोघांची तोंडं बघायचो. बीळ मी खणलं आणि हा आयता नागोबा.

तिकडे एक रीत आहे, मीत लावणं. दोन परके पुरुष समारंभानं भाऊ होतात. नुसती दोस्ती नव्हे, त्यापुढे दोन्ही घरं सोयरी. पासांग आणि आदगोंडा सारख्याच उंचीचे, दोघेही डावखुरे. गावातले म्हातारे म्हणायचे, हे जुळेच आहेत, मीत लावून टाका. मी पावणेसहा फुटांच्या वर आणि अंगानं रेड्यासारखा, त्यामुळे माझं नाव कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. कंपनी कमांडर साहेबांनी परवानगी दिली. दोघं समोरासमोर बसले, एकमेकांना नाणं दिलं, गळ्यात पांढरे खादा, म्हणजे मानाची उपरणी, घातले, वाकून नमस्कार केला. ताट धरायला एक माणूस लागतो. ताट मी धरलं.

परत वर चढताना आदगोंडानं विचारलं, "का रं, बोलंना झालायस?"

"चढ लागलाय," मी म्हणालो.

त्याच महिन्यात त्याला नायकाची दुसरी फीत मिळाली. मला मिळाली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात सलग पाऊस लागला. रस्ता तीन ठिकाणी तुटला. एके दिवशी दुपारी गावातून निरोप आला की घरांच्या वरच्या उताराला भेग पडली आहे आणि नाल्यावरचा पूल वाहून गेला आहे. पासांग दुसऱ्या पार्टीबरोबर वरच्या पोस्टवर होता. आमच्या सेक्शनला हुकूम झाला, माणसं अलीकडे काढा, शाळेत आणा.

आम्ही पोचलो तेव्हा नाला कमरेच्या वर होता. अलीकडे दोर झाडाला बांधला. दुसरं टोक घेऊन कुणीतरी पलीकडे जायचं होतं.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुझं वजन बघ की," आदगोंडा म्हणाला. "तू इकडंच ऱ्हा. दोर तुझ्याच हातात पायजे."

बरोबर बोलला. हलका माणूस पुढे जातो, जड माणूस दोर धरतो, हे रिक्रूटालाही शिकवतात. तो गेला आणि पलीकडच्या झाडाला दोर बांधला. पोरं आली, बायका आल्या, एकेक करत सगळे आले. शेवटी पासांगची आई राहिली. ती घरातून निघायला तयार नव्हती. रेडिओवर कंपनी कमांडर होते.

"अल्फा वन, कितने बाकी? ओव्हर."

"सर, एक सिविलियन, एक जवान. ओव्हर."

"जल्दी करो. ऊपर से स्लाइड का खतरा है. ओव्हर."

आदगोंडा म्हातारीला पाठीवर घेऊन खाली आला. तिला दोराच्या हुकात अडकवलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि मला हात केला. आम्ही ओढायला लागलो. ती मध्यावर आली असेल, तेव्हा वरून आवाज आला. दगडांचा नव्हे, झाडं मोडल्याचा. पलीकडचा काठ हलला. आदगोंडानं वर बघितलं आणि दोराचं त्याच्याकडचं टोक कापलं. टोक झाडासकट गेलं असतं तर म्हातारीही गेली असती. ती पाण्यात पडली, आम्ही तिला ओढून घेतलं. पलीकडे तो उभा होता तिथे जमीन नव्हती.

"अल्फा वन, रिपोर्ट. ओव्हर."

"सर, सिविलियन सेफ. नायक पाटील..." एवढंच मी बोललो. सेट दुसऱ्या जवानानं घेतला.

पाऊस थांबल्यावर महिनाभर शोधलं. तो सापडला नाही. त्याची पेटी आणि टोपी घेऊन त्याच्या गावी मी गेलो. सुशीलाताईंची, त्याच्या बायकोची, आणि माझी ओळख तेव्हाची. कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. त्या एकच म्हणाल्या, "जागा तरी दाखवा मला एकदा."

ती गोष्ट राहून गेली. आधी माझी नोकरी, मग मुलीचं शिक्षण. पण एक भाऊबीज चुकवली नाही. रजा मिळेल तसं, नंतर पेन्शनवर आल्यावर नेमानं, मी एसटीनं मिरजेला उतरून त्यांच्या गावी जातो. त्या ओवाळतात. त्या घरात आदगोंडाच्या जागी कुणी उभं राहिलं असेल तर ते मी, आणि ही जागा मला फार मोलाची आहे.

यंदा मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि तिनं आईचं तिकीट काढून दिलं. मी आणि आमची मंडळी कमल, बरोबर निघालो. विमानात सुशीलाताई फक्त एवढंच बोलल्या, की पासांगभावजींना भेटायचंय. भावजी. अजून बघितलं नाही, तोवर भावजी. माझ्या पोटात दुखायला लागलं. तिकडे रीतीनं तो सख्खा दीर, आणि मी कोण? पलटणीतला एक जण. पासांगच्या दारात पाऊल टाकलं की माझी इतक्या वर्षांची जागा जाणार, ही धास्ती मी सातारा सोडल्यापासून घेऊन निघालो होतो. कमलनं ओळखलं. "आवं, तोंड का पाडलंय? लग्नात मान नाही मिळाला का?" म्हणाली.

गुरांस फुलले होते. गावात आता डांबरी रस्ता आहे, पासांगचं घर पक्कं आहे, वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. आई गेली. मला बघून त्यानं मिठी मारली. "साब, कितना मोटा हो गया!" म्हणाला. मग सुशीलाताईंकडे वळला, दहा पावलं लांबूनच हात जोडले, मान खाली घातली आणि आत निघून गेला. त्यांचं सगळं त्याच्या बायकोनं केलं. जेवायला वाढलं तिनं, विचारपूस केली तिनं. पासांग त्या बसतील त्या खोलीत येईना, आला तर भिंतीकडे बघायचा.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. रात्री कमलला म्हणालो, "बघितलंस? एवढ्या लांबनं आलीय बाई आणि हा धड बोलला न्हाई. कसला भाऊ न कसलं काय."

"तुमच्या पोटातलं थांबलं म्हणायचं," कमल म्हणाली.

ते एक रात्रच थांबलं. दुसऱ्या सकाळी कमल चुलीपुढे पासांगच्या बायकोशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत बसली होती. बाहेर येऊन मला म्हणाली, "आवं, मीताच्या बायकोकडं मान वर करून बघायचं नसतं म्हणं त्यांच्यात. लय मानाची असती ती. मीत गेल्याचं कळलं तवा पासांगनं डोकं भादरलंतं, घरच्यावानी सुतक धरलंतं."

आदगोंडा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर होतो आणि लंगरमध्ये डाळभात जेवलो होतो. पलटणीत सुतक नसतं.

त्या दिवशी पासांगनं आम्हाला नाल्यावर नेलं. पुढे तो, मागे मी, मध्ये सुशीलाताई आणि आमच्या दोघांच्या बायका. पलीकडच्या घसरलेल्या अंगावर आता झाडं वाढली आहेत, त्यांत दोन गुरांस आहेत. सुशीलाताई काठावर बराच वेळ बसून राहिल्या. रडल्या नाहीत. उठताना म्हणाल्या, "चांगली जागा हाय."

तिथून गोम्पात जायचं होतं. पासांगनं लामांना सांगून ठेवलं होतं. दर वर्षी तो मीतासाठी दिवा लावायचा, पण घरच्या देव्हाऱ्यात. गोम्पातली मोठी पूजा घरचं माणूस आल्याशिवाय करायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. वीस वर्षं वाट बघितली पठ्ठ्यानं. पायऱ्या फार, म्हणून कमल गुडघे धरून खालीच थांबली, तिच्या सोबतीला पासांगची बायको. वर आम्ही तिघंच गेलो.

लामा वयस्कर होते. पुढ्यात तुपाचे दिवे मांडलेले. त्यांनी पासांगला काहीतरी विचारलं. पासांग गप्प. त्यांनी परत विचारलं. पासांग म्हणाला, "मीत." लामांनी मान हलवली आणि आम्हाला कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "रिश्ता नहीं. नाम बोलो. पूजा नाम से होगी."

पासांग माझ्याकडे वळला. "साब, मीत का नाम नहीं लेते. कभी नहीं लिया. आज भी नहीं ले सकता."

लामांनी सुशीलाताईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. आमच्यासमोर 'हे', मुलीसमोर 'तुझे पप्पा'. त्यांच्या घरची रीत तशी, आणि माणूस गेला म्हणून रीत जात नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुमीच घ्या."

दोघांना घेता येत नव्हतं ते मला घेता येत होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जाळला, ते असं आयतं पुढ्यात आलं आणि मला ते नको झालं. नाव घेता येत नाही ती त्याची माणसं. मला घेता येतं, याचा अर्थ काय तो मला कळत होता. त्या क्षणी मला त्या दोघांचा जितका हेवा वाटला तितका आदगोंडाचाही कधी वाटला नव्हता.

पण कुणीतरी घ्यायलाच हवं होतं. मी उठलो. गोम्पाच्या लाकडी जमिनीवर मोज्यांत टाचा जुळवल्या आणि पलटणीत हजेरीला सांगतात तसं सांगितलं. त्याचा नंबर, मग रँक, मग नाव, वडलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सांगली. नायक आदगोंडा नेमगोंडा पाटील. लामांना 'गोंडा' जमेना. ते 'गोन्दा' म्हणाले. मी दुरुस्त केलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचं बरोबर आलं आणि त्यांनी दिवा पेटवून पूजा सुरू केली.

मी खाली बसलो. पासांग मान खाली घालून बसला होता, त्याचे ओठ मिटलेले होते. सुशीलाताईंनी डोळे मिटले होते. त्या माझ्याकडे न बघता, मला जेमतेम ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "आनी एकदा घ्या की, दादा. लय दिवसांत ऐकलं न्हवतं."

मी घेतलं.