लीडरला मी कसं पाडलं

सोलापुरात भर मैदानावर मी लीडरला उताणं पाडलं, अशी माझी ख्याती आहे. साखर कारखान्यातली सुरक्षा विभागाची नोकरी मला त्याच जोरावर लागली. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी जमिनीच्या आधी तेच विचारलं होतं. आता माझं वय अठ्ठेचाळीस आहे, उठता-बसता गुडघे वाजतात, आणि वळसंगच्या तालमीत माझा फोटो अजून भिंतीवर आहे. हे नेमकं कसं घडलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

लीडर म्हणजे पुढारी नव्हे. सत्तरच्या दशकात आमच्या भागात फ्रीस्टाईल कुस्त्यांचे तिकीट लावून सामने होत. ते मातीवर नसत. लाकडी फळ्यांचा ओटा, त्यावर पेंढा, वर ताडपत्री आणि चारी बाजूंनी दोऱ्या. शेवटची कुस्ती जोडीची असे. दोघांविरुद्ध दोघे. एक आत लढायचा, त्याचा साथीदार दोरीबाहेर हात पुढे करून उभा राहायचा, आणि हाताला हात लागला की अदलाबदल व्हायची. अशा एका जोडीचा तो म्होरक्या, म्हणून सगळे त्याला लीडर म्हणत. पोस्टरवर तो इराणचा होता. मूळचा करमाळ्याचा. पोस्टरवर त्याच्या चित्राखाली एकच ओळ असे, 'आजतागायत पाठ न टेकलेला'. ठेकेदार त्याला बोलवायचे ते त्या ओळीसाठी.

तो बँडच्या मागून मैदानात यायचा. अंगात जांभळ्या मखमलीचा पायघोळ झगा, पाठीवर जरीचा मोर. लग्नाच्या बँडवाल्यांचे कपडे शिवणाऱ्या एका शिंप्याकडून त्याने तो शिवून घेतला होता. मोराला खरी पिसं लावलेली होती आणि ती गळायची. कुस्ती संपल्यावर ती वेचून सुईदोऱ्याने परत लावणं हे माझं काम. आत आल्यावर तो आधी केस विंचरायचा. मी आरसा धरायचो. लोक शिव्या घालायचे, शेंगांची टरफलं फेकायचे, तो भांग मोडून पुन्हा पाडायचा. मग गुलाबदाणी घेऊन पंचावर, समोरच्या जोडीवर आणि पहिल्या दोन रांगांवर गुलाबपाणी शिंपडायचा, जणू वऱ्हाड आलंय. समोरचा पैलवान ती गुलाबदाणी लाथ मारून उडवायचा. मग घंटा व्हायची. दर गावात कुणा तरी तांबटाकडून गुलाबदाणीचे पोचे काढून घ्यावे लागत.

मी त्याच्या जोडीला दीड वर्ष होतो. आधी मी मातीतला पैलवान. एका जत्रेत त्याने मला बघितलं, माझी मान दोन्ही हातांनी चाचपली आणि म्हणाला, "गड्या, मान चांगली हाय. पडता येतं का?"

मी म्हटलं, "पडायला कशाला यायला पायजे?"

"मग तुला काईच येत न्हाय," तो म्हणाला.

त्याने मला पडायला शिकवलं. कापसाच्या एका वखारीमागे, पोत्यांच्या थरावर, महिनाभर रोज सकाळी. हनुवटी छातीला, पाठ एकदम सपाट, दोन्ही हात फाडकन खाली. आवाज मोठा आला पाहिजे आणि लागलं कमी पाहिजे. मला ते जमेना. वळसंगच्या आमच्या वस्तादांकडे मी दहा वर्षं एकच गोष्ट शिकलो होतो, पाठ टेकू द्यायची नाही. ते इतकं अंगात भिनलं होतं की मी झोपतानाही उताणा झोपत नसे. लीडरला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. त्या महिन्यात त्याने मला रोज दुपारी तासभर उताणं झोपायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून पेपर वाचत राहिला.

त्याने मला खुणाही शिकवल्या. पकडीत असताना समोरच्याने मनगट एकदा दाबलं, म्हणजे 'मी तुला उचलतोय, तयार राहा'. दोनदा दाबलं, म्हणजे 'मी पडतोय, तू उचल'. आमचा सगळा व्यवहार त्या दोन दाबांवर चालायचा. आमच्या खेळाचा क्रमही ठरलेला. आधी मी आत जाणार, मार खाणार, पडणार. लोक हळहळणार. मग लीडर झगा भिरकावून आत येणार आणि एकटा दोघांना लोळवणार. हुबळी, विजापूर, गुलबर्गा, सगळीकडे मी न चुकता पडलो. वस्तादांना मी सांगितलं होतं की मी ट्रकवर क्लीनर आहे.

सोलापूरचा सामना ठरला तेव्हा मी लीडरला म्हटलं, "हे एक गाव सोडा."

"घरच्या माणसाला बघाय लोक येत्यात की," तो म्हणाला आणि पोस्टरवर माझा फोटो मोठा छापून घेतला.

मैदान एका गिरणीच्या पलीकडे होतं. रविवार होता आणि सामने दुपारी चारला सुरू झाले. ऊन असं की ताडपत्रीवर अनवाणी पाय ठेवता येईना, म्हणून दोन माणसं सारखी बादल्यांनी पाणी मारत होती. मी कनातीतून डोकावलो तर पहिल्या रांगेत, जमिनीवर, वस्ताद बसलेले. धुतलेलं धोतर, पिवळा फेटा, मांडीवर नारळाची पिशवी. मागे गावातली तीसेक माणसं. त्यांना कुणी तरी पोस्टर दाखवलं होतं.

मी जाऊन पाया पडलो. ट्रकविषयी त्यांनी विचारलं नाही. पिशवीतून अंगारा काढून माझ्या कपाळाला लावला.

"माती न्हाय, फळ्या हाईत," ते म्हणाले. "पाय संबाळून टाक. आन पाट टेकू देऊ नगं."

"न्हाय देत," मी म्हटलं.

या सामन्यांत सगळं आधी ठरलेलं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

परत कनातीत आलो. लीडर पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधत होता. झग्याखाली ती दिसत नसे. मी म्हटलं, "लीडर, आज मी पडत न्हाय. वस्ताद आल्यात."

"बरं. मग कोण पडणार?"

"समोरच्यातला एक पाडू आधी. मग बगू."

"आन मी काय करू? केस इंचरत बसू?" त्याने पट्टीला गाठ मारली. "हे बघ. तू पडलास तर मी कुणाला तरी वाचवाय येतो. तू न्हाई पडलास तर मी निसता झगा घातलेला माणूस हाय. दहा मिंटाचं काम हाय. पड आन उठ. तुझ्या वस्तादाला मी सांगतो नंतर, पोराला ताप होता म्हणून."

मी मान हलवली. त्याने ते हो समजलं. कुणीही समजलं असतं.

समोरच्या जोडीतला एक जण अतिशय जाडा आणि अतिशय सज्जन होता. मारण्याआधी तो हळूच 'सॉरी' म्हणायचा. घंटा झाली, आम्ही भिडलो. ठरल्याप्रमाणे त्याने माझं मनगट एकदा दाबलं. मी तयार झालो नाही. त्याने पुन्हा दाबलं आणि कानात म्हणाला, "भाई, सो जा." मला दोऱ्यांमधून पिवळा फेटा दिसत होता. मी त्याला धोबीपछाड मारली. खरी. त्या माणसाला वर्षानुवर्षं कुणी खरं पाडलं नव्हतं, त्यामुळे तो नीट पडलाही नाही. दोन दिवस त्याला कमरेत वाकता येत नव्हतं असं मला नंतर कळलं. त्याचा साथीदार काय झालं ते बघायला आत आला. त्यालाही मी टांग मारून खाली घेतला आणि पाठ टेकवली. चाळीस मिनिटांचा खेळ चार मिनिटांत संपला. लीडर आमच्या कोपऱ्यात दोरीवर हात ठेवून उभा होता. झगा अजून अंगातच होता.

लोक उठले. वळसंगकरांनी नारळ फोडले. पण लोकांनी तिकीट काढलेलं होतं आणि ऊन अजून बरंच होतं. मागून कुणी तरी ओरडलं, "आता तुमचं दोघांचं होऊ द्या की." मग सगळं मैदान तेच म्हणायला लागलं. तेलुगू विणकरांची रांग बाकडी वाजवायला लागली. एक जण दोरीपर्यंत येऊन म्हणाला, "अरे, वो गुलाबपानी वाले को उतारो. शादी में आया है क्या?" ठेकेदार लीडरकडे बघत होता. बाकडी भाड्याची होती.

लीडरने झगा काढला. एरवी तो भिरकावायचा. त्या दिवशी घडी घातली आणि पंचाच्या हातात दिली. मग माझ्यासमोर आला आणि आम्ही मानेला मान लावली.

"कुटं बसलाय?" त्याने कानात विचारलं.

"म्होरं. पिवळा फेटा."

त्याने मला हळूच फिरवलं, म्हणजे त्याला बघता येईल. बघितलं. आम्ही थोडा वेळ झोंबलो. मग मी त्याला कमरेतून उचलला, आपटला आणि छातीवर बसलो. पंचाने त्याच्या खांद्याखाली हात घालून बघितला. पाठ पूर्ण टेकली होती. मैदानावर फेटे उडाले. मला खांद्यावर घेऊन लोकांनी स्टँडपर्यंत मिरवलं. खुर्चीवाल्या रांगेत साखर कारखान्याचे एक साहेब बसले होते, त्यांनी मला दुसऱ्या दिवशी कारखान्यावर बोलावलं.

वर एक गोष्ट मी गाळली आहे. इतकी वर्षं तोंडी सांगताना गाळत आलो, लिहितानाही हाताने तेच केलं. फेटा बघून झाल्यावर लीडरने माझं मनगट दोनदा दाबलं होतं. मला ते स्पष्ट कळलं होतं. तो हलका झाला, पाय उचलून दिले, आणि जसं मला शिकवलं होतं तसा पडला. हनुवटी छातीला, पाठ सपाट, हात फाडकन खाली. आवाज फार मोठा आला.

वस्तादांनी आयुष्यभर हातच बघितले होते. चार दिवसांनी गावात सत्कार झाला. त्यानंतर तालमीच्या पायरीवर बसून त्यांनी विचारलं, "त्येनं तुझं मनगट का दाबलं रं?"

"पकड सुटत होती त्याची," मी म्हटलं.

"व्हय?"

"व्हय."

तालमीत त्यांनी माझा फोटो लावू दिला. त्यानंतर त्यांनी मला मातीत 'उतर' असं कधी म्हटलं नाही. 'नको उतरू' असंही म्हटलं नाही.

लीडरच्या पोस्टरवरची ओळ गेली. ती गेल्यावर पोस्टरवर एक झगा घातलेला, पोट सुटलेला माणूस उरला. विजापूरला त्याने गुलाबदाणी काढली की लोक ओरडायचे, "सोलापूरला काय झालं?" हे मला जाड्याकडून कळलं, कारण मी विजापूरला गेलो नव्हतो. मला नोकरी लागली होती. वर्षभरात ठेकेदारांनी त्याला बोलवायचं बंद केलं. खरं काय ते मी एका ठेकेदाराला जरी सांगितलं असतं तरी ती ओळ परत छापली गेली असती. मी प्रोबेशनवर होतो. नंतर पर्मनंट झालो, तेव्हाही सांगितलं नाही.

सहा वर्षांनी कारखान्याच्या जीपमधून पुण्याकडे जाताना टेंभुर्णीला थांबलो. फाट्यावर त्याची रसवंती आहे असं ऐकलं होतं, म्हणून मुद्दाम थांबलो. काय बोलायचं ते मोहोळपासून मनात जुळवत आलो होतो. तो चरकाशी उभा होता, बनियनवर, केस पिकलेले. चार ट्रक ड्रायव्हर बाकावर रस पीत होते. त्याने मला लांबूनच ओळखलं आणि माझ्याआधी तोच बोलला, ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं. "हे बघा आले. ह्यो त्यो गडी. मला पाडलेला. सबंध हिंदुस्थानात एकच."

ड्रायव्हर उठून बघायला लागले. एकाने माझा दंड दाबून बघितला.

मी लीडरला बाजूला, उसाच्या मोळ्यांपाशी घेऊन गेलो. "लीडर, त्या दिवशी तुमी..."

"त्या दिवशी म्या पुरा जोर लावला होता," तो मोठ्याने म्हणाला. मग आवाज खाली घेऊन, "नोकरी कशी हाय?"

"बरी हाय."

"पर्मनंट झालास?"

"झालो."

"पोरं?"

"एक हाय. दुसरं व्हायचंय."

"मग गप रस पी," तो म्हणाला आणि चरकाकडे वळला.

मी बाकावर बसलो. दंड दाबून बघणारा ड्रायव्हर माझ्याकडे सरकला. "खरंच पाडलं व्हय ओ यांना?"

लीडर ऊस चरकात घालत होता. त्याने वर बघितलं नाही, पण हात थांबवला.

"व्हय," मी म्हटलं.

"किती वेळात?"

"एका मिंटात."

"दीड," लीडर म्हणाला. "दीड मिंट टिकलो हुतो मी."

"दीड," मी म्हटलं.

ड्रायव्हरने मान डोलावली. लीडरने ऊस पुढे रेटला आणि माझ्या ग्लासात लिंबू जास्त पिळून दिलं. तेव्हापासून कुणी विचारलं तर मीही दीडच सांगतो.