व्हर्ल टोलमनची पाण्याची कमान

टोलमन, व्हर्ल एल्डन. वय छप्पन्न. हुद्दा : चालक, बंब क्रमांक एक, विमानतळ अग्निशमन दल, सॉल्ट लेक सिटी. वर्तणूक : उत्तम. विशेष प्रावीण्य : जळत्या विमानावर पाण्याचा मारा. जळत्या विमानांशी प्रत्यक्ष संबंध : निरंक.

हे 'निरंक' व्हर्लला सलायचं. पंचवीसेक वर्षं तो धावपट्टीच्या कडेला बसून पेटलेल्या विमानाची वाट पाहत होता, आणि ते कधीही येऊ नये अशी रोज जेवणाआधी प्रार्थनाही करत होता. दोन्ही मनापासून. दर महिन्याला आम्ही मैदानामागचा जुन्या विमानाचा एक सांगाडा पेटवायचो आणि विझवायचो. त्या सांगाड्यानं कधी तक्रार केली नाही.

घंटा झाली की ताटावरून उठायचं, हा आमच्या ठाण्यातला पहिला धडा. व्हर्लच्या अंगात तो इतका भिनला होता, की घरी बायको लारूच्या ओव्हनची घंटी वाजली तरी तो खुर्ची मागे सारून उभा राहायचा. मी दुसरा बंब चालवायचो आणि त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायचो, त्यामुळे रविवारी चर्चनंतर पुष्कळदा त्यांच्याच टेबलावर असायचो. समोर भाजलेलं मांस, चीज घातलेले बटाटे, गाजर किसून घातलेली हिरवी जेली, आणि लारूचा भाऊ डीव्हॉन ओस्टलर. डीव्हॉन मोठ्या विमानाचा कॅप्टन होता, आणि मेहुण्याची थट्टा हा त्याचा रविवारचा उपक्रम होता.

"बसलाय तो," डीव्हॉन म्हणायचा, "म्हणजे गावात कुठे आग नाही. बटाटे सरकवा इकडे."

"तू विमानं धड उतरवतोस, हीच माझी अडचण आहे," व्हर्ल म्हणायचा.

"मग तुझ्यासाठी एखादा पंख पेटवून आणू?"

"निवृत्त व्हायच्या आत बघ जमतं का."

लारू दोघांनाही जेली वाढायची. ती खाताना बोलता येत नाही.

त्या वसंतात डीव्हॉनला साठ वर्षं पूर्ण होणार होती, आणि साठी झाली की वैमानिकानं घरी बसायचं असा कायदा होता. व्हर्ल तरुणपणी नौदलात होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातून एक जुनं जहाज शेवटचं निघालं, तेव्हा आग विझवणाऱ्या बोटींनी दोन्ही बाजूंनी आकाशात पाणी उडवलं होतं आणि डेकवरचे दांडगे खलाशी रडले होते, हे तो अनेकदा सांगायचा. आता डीव्हॉनसाठी तसंच करावं म्हणून तो आमच्या दलाच्या प्रमुखाकडे, चीफ बिंगहॅमकडे गेला.

"आपल्याकडे बंदर नाही, चीफ. पण पाणी आहे आणि बंब आहेत."

"पंप तपासायचेच आहेत, ब्रदर टोलमन," चीफ चर्चमधल्या सवयीनं म्हणाला. "वर उडव नाहीतर खाली उडव."

आमच्याआधी विमानासाठी असं कुणी केलं नव्हतं, असा माझा दावा नाही. आम्ही कुणाचं पाहिलं नव्हतं, एवढंच. पाहिलं असतं तर पुढची चूक टळली असती.

व्हर्लची एकच अट होती : डीव्हॉनला कळता कामा नये. विमानांना रेडिओवर वाट दाखवणाऱ्या टॉवरवरच्या रँडीला तशी शपथच घातली.

"त्याचा शेवटचा दिवस आहे, व्हर्ल," लारूनं बजावलं. "वाट लावू नकोस."

"पाणीच तर आहे गं."

दिवस ठरल्याप्रमाणे आला. बारीकसं ऊन होतं, आणि खाऱ्या तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याला कुजक्या मिठाचा वास होता. धावपट्टीवरून प्रवासी उतरतात त्या फाटकाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन बाजूंना आमचे दोन बंब उभे होते, नळ्या वर रोखलेल्या. थाट म्हणून लाल दिवेही चालू. डीव्हॉननं विमान दुधाचा पेला ठेवावा तसं उतरवलं, आमच्याकडे वळवलं आणि दूरवरच थांबवलं.

थांबलं ते थांबलंच.

तेव्हा मला कळलं. व्हर्लला माझ्याआधी कळलं असावं. दिवे लावलेले दोन बंब आपल्यावर नळ्या रोखून उभे असले, तर त्याचा अर्थ वैमानिकाला एकच ठाऊक असतो. पुढचा हुकूमही ठरलेला : दारं उघडा, घसरगुंड्या फुगवा, उड्या मारा. त्या उड्यांत कुणाचा तरी घोटा मोडतोच, आणि बहुधा तो कुणाच्या तरी आजीचा असतो. डीव्हॉनची डाग नसलेली नोकरी फाटकापासून हाकेच्या अंतरावर अशी संपणार होती, तीही मेहुण्याच्या प्रेमामुळे.

रेडिओवर त्याचा आवाज आला. अगदी शांत. इतका शांत आवाज वैमानिक फक्त संकटात काढतात.

"टॉवर, माझं विमान पेटलंय का?"

शपथेला जागणारा रँडी चाचरला. "अं... आम्हाला तरी इथून दिसत नाही."

इतकं प्रामाणिक आणि इतकं घातक उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही. मग रँडी, डीव्हॉन आणि व्हर्ल तिघंही एकदम बोलायला लागले. तिघं एकदम बोलले की रेडिओवर नुसती शिट्टी ऐकू येते. विमानाच्या पुढच्या दाराच्या काचेत हवाईसेविकेचा चेहरा आला. दार उघडण्याआधी त्या बाहेर बघतात.

व्हर्लनं दिवे बंद केले. मीही केले. तो खाली उतरला. हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं, चंदेरी कोट काढून त्यावर टाकला. मग बंबाच्या पुढच्या बंपरवर बसला, मांडीवर जेवणाचा डबा घेतला, उघडला आणि जेवायला लागला. सावकाश. घास घ्यायचा, चावायचा, आकाशाकडे बघायचं, तोंड पुसायचं.

काचेतला चेहरा तिथेच होता. शिट्टी थांबली.

"टॉवर," डीव्हॉन म्हणाला, "तो जाड्या जेवतोय का?"

"होय, कॅप्टन."

"बसून?"

"बसून."

रेडिओवर एक लांब श्वास ऐकू आला. त्यातला अर्धा माझा होता.

"मग कुठे आग नाही," डीव्हॉन म्हणाला. "प्रवाशांना सांगतो, माझा मेहुणा जेवतोय."

विमान हललं. व्हर्ल टुणकन बंबावर चढला आणि दोन्हीकडून पाणी उडालं. त्याची धार सुरेख गेली. माझी वाऱ्यानं वाकून चीफच्या मोटारीवर पडली. मधून डीव्हॉन न्हाऊन निघाला, आणि आत लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

लारू विमानतळाच्या इमारतीत काचेमागे उभी राहून सगळं पाहत होती. व्हर्ल आत येताच तिनं त्याच्या खांद्यावर पर्स हाणली आणि मग त्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.

"शेवटी एक विमान मिळालं तुला," डीव्हॉन म्हणाला.

"पंख पेटवून आणणार होतास ना?"

"राहून गेलं, बाबा."

तेव्हापासून आमच्याकडे वैमानिकाला आधी सांगतात. चीफनं अहवालात लिहिलं : 'चालक टोलमन यांनी प्रसंगावधान राखून, कर्तव्यस्थळी भोजन ग्रहण करून, संभाव्य आपत्ती टाळली.' त्याबद्दल व्हर्लला प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून लारूच्या ओव्हनच्या वर लावलेलं आहे.

बंपरवरून घरंगळलेला डबा मी उचलला होता. तो रिकामा होता; आधीच जेवून, धुऊन ठेवलेला.