ती अक्षरं अक्काची होती

माझ्या नातीने कानडी अक्षरांचा एक फाँट केला आहे. ती बंगळुरात सर्जापूर रोडला राहते आणि वेबसाइट बनवण्याचं काम करते. लाकडी खेळण्यांच्या एका दुकानाची साइट तिच्याकडे आली होती. मथळ्यांसाठी तिला गुबगुबीत, खेळकर अक्षरं हवी होती. तयार फाँट पुष्कळ पाहूनही तिचं मन भरेना. मग तिने मी पूर्वी रंगवलेल्या बोर्डांचे फोटो मागवून घेतले.

"अज्जा, तुमचीच अक्षरं घेते. साइटवर खाली तुमचं नाव घालणार," ती फोनवर म्हणाली.

"सरी, घे," मी कानडीत होकार दिला. खरं सांगायचं होतं तर तेव्हाच सांगता आलं असतं.

बंगळुरातल्याच शिवाजीनगरात माझं बोर्ड रंगवण्याचं दुकान होतं. माझा हात सरळ अक्षरांचा. वकिलाचा किंवा डॉक्टरचा बोर्ड मी गप्पा मारता मारता उरकत असे. एकदा खेळण्यांच्या एका दुकानदाराने पोरं बघून थांबतील असा बोर्ड मागितला. मी तीन नमुने दाखवले. "पेंटरसाहेब, हे बघून पोरं पळतील. इंजेक्शन देतील असं वाटतंय," तो म्हणाला.

माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा आमच्याकडेच राहत होती. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन ती आली होती. रोज सकाळी दारातली ठिपक्यांची रांगोळी तिची असे. तिची रेघ ठिपक्यांना वळसे घालत फिरायची आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. तिने माझे नमुने पाहिले, खाकी कागदावर पेन्सिलीने ठिपके मांडले आणि त्यांच्याभोवती अक्षरं फिरवली. कानडी अक्षर मुळातच गोल असतं. तिच्या हाती त्याला पोट सुटलं, शेपटी फुटली. मी त्या कागदाला रेघेवरून सुईने भोकं पाडली, तो पाटीवर धरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रंग भरला. माझं काम एवढंच होतं.

बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पेंटर बारीक सही करतो. अक्काने विचारलं, "माझंही घालशील का रे, लहानसं?"

"बाजारातल्या बोर्डावर बाईचं नाव? लोक हसतील," मी म्हणालो.

तिने परत विचारलं नाही. पण पुढची सात-आठ वर्षं, मी सांगेन तेव्हा, कागद करून देत राहिली. "हे डोकं कुणाचं?" असं गिऱ्हाइकांनी विचारलं की मी म्हणायचो, "आपलंच." पहिल्यांदा जीभ थोडी अडखळली असेल. नंतर मलाच ते खरं वाटायला लागलं.

फाँटमुळे मी पकडला गेलो. बोर्डांवर जेवढी अक्षरं होती तेवढीच नातीला मिळाली, आणि फाँटला तर सगळी लागतात. "उरलेली तेवढी काढून द्या," ती म्हणाली. मी चार दिवस बसलो. ठिपके मांडले, वळसे घेतले. तिने ते कागद पाहिले आणि हसली. "अज्जा, ही तर प्रार्थनेला रांगेत उभी केल्यासारखी दिसतात! तुमचा हात असा कसा बदलला?"

हात थरथरतो, असं सांगून सुटता आलं असतं. पण माझी रेघ तर सरळसोट होती. मी सगळं सांगितलं.

तिने माझे कागद गोळा केले. मग म्हणाली, "घरच्या ग्रुपवर मी तुमचं कौतुक लिहिलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलंत."

मी ते पाठवलं होतं.

रविवारी आम्ही दोघं के. आर. पुरमला अक्काच्या मुलाकडे गेलो. अक्काने ऐंशी ओलांडली आहे, पण नजर साफ आहे. नातीने लॅपटॉप उघडला. अक्काने पडद्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबली. "हे माझं नव्हे. हे याचं आहे. काढून टाक." ते माझंच होतं. मी काढलेल्यांपैकी त्यातल्या त्यात बरं म्हणून नातीने ठेवलेलं.

"अज्जी, हा फाँट फक्त मथळ्यांना वापरणार," नात समजावू लागली. "खालचा मजकूर साध्या अक्षरात. नाहीतर वाचणारा दमतो."

"मग? रांगोळी दारातच घालतात. घरभर घातली तर चालायचं कुठून?"

नात खूश झाली. मी मात्र जे बोलायचं होतं ते बोललो. नाव मी लपवलं, चूक माझी, आता साइटवर तुझंच नाव येईल.

"मला ठाऊक नव्हतं होय?" अक्का म्हणाली. "भाजी आणायला त्याच बाजारात जात होते मी. तू 'आपलंच' म्हणत होतास, ते दोनदा कानांनी ऐकलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या घरात राहून?"

अक्काने नातीकडून पेन्सिल घेतली आणि राहिलेली अक्षरं दुपारभर बसून काढली. मला माफ केलं की नाही, ते ती म्हणाली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "कॉम्प्युटरवर नाव घालताय, सरी. पण तू लोकांना तोंडाने सांगत होतास. तोंडानेच जाऊन सांग."

मी शिवाजीनगरात दोनदा जाऊन आलो. बहुतेक दुकानं बदलली आहेत, आणि जी आहेत त्यांच्यावर फ्लेक्सचे बोर्ड आहेत. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघंच भेटले, त्यांना सांगितलं. बाकीचे कुठे गेले, हयात आहेत की नाहीत, मला शोधता आलं नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या, किंवा त्यांच्या मुलाबाळांच्या हाती कधी पडलं तर, म्हणून हे लिहून ठेवलं.