एल्सीचा दुसरा कोट

इस्बेल डफला हात मागे ठेवणं काही जमत नव्हतं, आणि त्या वर्गातला पहिला धडा नेमका तोच होता.

वर्ग होता गाडीत लहान मुलांची सीट कशी बसवायची, पट्टे कसे लावायचे, हे आईबापांना शिकवणाऱ्यांचा. विंटनच्या अग्निशमन केंद्रात, बंबाशेजारच्या हॉलमध्ये आठवडाभर चालायचा. शुक्रवारी परीक्षा, पास झालात तर प्रमाणपत्र. शिकवायला ब्लफहून हुइया यायची. चाळिशीची धिप्पाड बाई, आवाज असा की मेंढ्या हाकायला कुत्रा लागू नये. तिचं म्हणणं एकच होतं: पट्टा तुम्ही आवळायचा नाही. तोंडाने सांगायचं, डोळ्यांनी बघायचं, शेवटी चिमटीने तपासायचं. पण शेवटचा हात आईचा नाहीतर बापाचा. कारण उद्या सकाळच्या घाईत तिथे ते असणार, तुम्ही नाही.

"मावशी, हात!" हुइया ओरडायची. "मागे घ्या, नाहीतर तुमच्याच त्या लोकरीने बांधून टाकीन."

"बांध की. लोकर माझ्या मेंढ्यांची आहे, गाठ तरी पक्की बसेल," इस्बेल म्हणायची. सगळे हसायचे. इस्बेल फटकळ, साठी ओलांडलेली, नवरा केव्हाच गेलेला. रिव्हर्टनबाहेर तिची मेंढ्यांची जमीन होती आणि गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगावर तिने विणलेलं नाहीतर शिवलेलं काहीतरी असायचंच.

ती वर्गात का आली होती, हे हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारलं नाही. तिची नात एल्सी अशाच एका जुलैत, इकडच्या ऐन हिवाळ्यात गेली. पुलावर गोठलेल्या पाण्यावरून गाडी घसरली आणि कठड्यावर आपटून उलटली. गाडी चालवत होता एल्सीचा बाप, इस्बेलचा एकुलता एक लॉक्लन. त्याला खरचटलंसुद्धा नाही. मागच्या सीटचे पट्टे बकलमध्ये तसेच अडकलेले होते, आणि एल्सी त्यांत नव्हती.

पोलीस म्हणाले, पट्टे सैल होते. लॉक्लन म्हणाला, "मी आवळले होते." पहिला महिनाभर भेटेल त्याला सांगत होता, आवळले होते, मी आवळले होते. मग एक दिवस गप्प झाला तो गप्पच. त्याची बायको गेली उत्तरेला, परत आली नाही.

आणि दफनाच्या दिवशी, लोक चहा पीत उभे असताना, इस्बेल पोटच्या पोराला म्हणाली होती, "नीट आवळला असतास तर..." वाक्य तिने पुरं केलं नाही, पण जेवढं म्हणाली तेवढं पुरलं.

तेव्हापासून तिच्या मागे एक आवाज लागला होता. एल्सीची एक खोड होती. बकल खट् करून बसलं की ती दरवेळी म्हणायची, "झालं!" जणू ते काम तिनेच केलं. आता बिस्किटांचा डबा बंद केला, फाटकाची कडी पडली, चष्म्याची डबी मिटली, काहीही खट् वाजलं की इस्बेल जागच्या जागी थांबायची. मान किंचित कलती करून. पुढच्या शब्दाची वाट बघत. शब्द यायचा नाही, आणि मग हातातलं काम काय होतं ते तिला आठवावं लागायचं.

आता लॉक्लनचा संसार पुन्हा उभा राहिला होता. टॅम्सिन नावाची समजूतदार मुलगी, आणि सात महिन्यांचा अँगस. पण लॉक्लन पोराच्या सीटला हात लावत नसे. पट्टे टॅम्सिन लावायची, गाडी टॅम्सिन चालवायची. ती कामावर असली की हा बाप्या कडाक्याच्या थंडीत बाबागाडी ढकलत दवाखान्यापर्यंत चालत जायचा. इस्बेलने ते पाहिलं आणि वर्गात नाव घातलं. या पोराचे पट्टे ती स्वतः आवळणार होती, दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडणार नव्हती. म्हणून तर तिचे हात मागे राहत नव्हते.

सोमवारी दुपारी हुइयाने मोठी बाहुली सीटमध्ये बसवली. "एक जाडजूड कोट हवाय. कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे," इस्बेल म्हणाली, आणि जवळजवळ धावतच गाडीकडे गेली.

कोट एल्सीचाच होता, पण एल्सीने कधी न घातलेला. पहिला त्या दिवशी गाडीत तिच्या अंगावर होता. हा दुसरा, एक माप मोठा, पुढच्या थंडीसाठी तिने आधीच शिवून ठेवला होता. निळं कापड, पिवळी बटणं, आत घरच्या लोकरीचा गुबगुबीत थर, गोधडीसारखे टाके. इतकी वर्षं कपाटात होता. अँगससाठी बटणं बदलावीत म्हणून तिने तो बाहेर काढला होता. बायकांनी हात फिरवून पाहिलं, टाक्यांचं कौतुक केलं. इस्बेल म्हणाली, "यातून वारा काय, देवसुद्धा आत शिरायचा नाही."

हुइयाने कोट बाहुलीला घातला. बकल लावलं, खट्. पट्टा आवळला. "मावशी, बघा चिमटीत येतो का."

इस्बेलने खांद्यापाशी चिमटी लावली. पट्टा ताठ. "नाही येत. घट्ट आहे."

"बरं. आता पट्ट्याला हात लावायचा नाही." हुइयाने बकल सोडलं, कोट काढला, बाहुली पुन्हा तशीच बसवली, बकल लावलं, खट्.

तोच पट्टा बाहुलीच्या छातीवर लोंबत होता. हुइयाने त्यात मूठ घातली, मग अख्खा हात मनगटापर्यंत. "पट्ट्याने मुलाला धरलेलंच नव्हतं," ती म्हणाली. "त्याने लोकर धरली होती. गाडी आपटली की लोकर दबते आणि मूल निसटतं. आवळणाऱ्याचा दोष नसतो. हाताला घट्टच लागतं."

हे बोलता बोलता तिची नजर इस्बेलकडे गेली आणि ती मध्येच थांबली.

इस्बेलच्या मनात पहिल्यांदा एल्सी आली नाही, आला लॉक्लन. चहाचा कप हातात धरून उभा असलेला, तिच्याकडे बघणारा. त्याने आवळला होता. तो खरं बोलत होता, आणि त्याचं खरं तिने त्याच्या तोंडातच दाबून टाकलं. मग तिला आपले हात दिसले, लोकर पिंजणारे, थरावर थर घालणारे. ती बाहेर बंबाच्या चाकाला धरून उभी राहिली.

त्या रात्रीपासून घरात खट् वाजायला कारण लागेना.

हे लॉक्लनला सांगायचं होतं, दुसरं काही नाही. मंगळवारी तिने फोन लावला आणि त्याचा आवाज ऐकून मेंढ्यांच्या खुरांबद्दल बोलली. बुधवारी चीज रोल भाजून त्याच्या घरी घेऊन गेली. त्याने दोन खाल्ले. ती बोलली नाही. तो म्हणाला, "लोणी जास्त झालंय," आणि ती घरी आली. आपण भित्र्या आहोत हे तिला या वयात कळत होतं आणि त्याचा तिला मनापासून संताप येत होता.

शुक्रवारी परीक्षेला खरेखुरे आईबाप, खऱ्या गाड्या लागतात. टॅम्सिनला तिने आधीच सांगून ठेवलं होतं. ती अँगसला घेऊन आली, आणि शेजारी लॉक्लन, खिशात हात घालून.

हुइया बाजूला उभी राहिली. "चला मावशी. शिकवा."

टॅम्सिन पुढे झाली. इस्बेल म्हणाली, "तू नको. याला करू दे."

"आई, मी सीटला हात लावत नाही. तुला माहीत आहे," लॉक्लन म्हणाला.

"पोराला नको लावूस. बाहुलीला लाव." तिने कोट पुढे केला. तो त्याने ओळखला. त्याचा चेहरा उतरला.

"हे काय चालवलंयस तू?"

"एवढं कर. मग मला काय वाटेल ते बोल."

त्याने केलं. कोट घातला, बकल लावलं, पट्टा ओढला. त्याच्या हाताला सगळं आठवत होतं. इस्बेलने त्यालाच चिमटी लावायला सांगितली. घट्ट. मग तिने त्याच्याकडूनच कोट काढवला, पुन्हा बकल लावून घेतलं, आणि म्हणाली, "आता हात घाल."

त्याचा हात आत गेला तो आतच राहिला.

"तू आवळला होतास, लॉकी," ती म्हणाली. "तू बरोबर आवळला होतास. पट्टा माझ्या कोटावर बसला होता."

त्याने हात हळूच बाहेर काढला. मग म्हणाला, "हे तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"बुधवारी तू माझ्याकडे रोल घेऊन आली होतीस."

"हो."

"मला वाटायला लागलं होतं, मी खोटं बोलतोय म्हणून. माझं मलाच." तो तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि टॅम्सिनच्या कडेवरून अँगसला घेतलं. पोराचं जाड जाकीट काढलं. आपल्या गाडीतल्या सीटमध्ये त्याला ठेवलं, पट्टे खांद्यावरून घेतले. खट्.

इस्बेल थांबली, मान कलती करून. तिने पाहिलं, लॉक्लनही थांबला होता. तशीच मान, तसाच कान. इतकी वर्षं तिला वाटलं होतं की हे आपल्या एकटीच्याच मागे लागलंय.

मग त्याने पट्टा आवळला. परीक्षेप्रमाणे आता तिची पाळी होती. तिने चिमटीसाठी हात पुढे केला. लॉक्लनने तिचं मनगट धरलं.

"न बघता सांग."

"लॉकी, नियम..."

"न बघता सांग, आई. मी बरोबर केलंय की नाही?"

इस्बेलने हात मागे घेतला. आठवडाभरात पहिल्यांदा तो मागे राहिला.

"बरोबर केलंयस, बाळा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. हुइया पुढे आली, वाकली, अँगसच्या खांद्यापाशी चिमटी लावली. पट्टा चिमटीत आला नाही. "पट्टा पास," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही नापास. न तपासता बरोबर म्हणालात. वसंतात परत या."

"येईन," इस्बेल म्हणाली.

लॉक्लनने बाहुलीशेजारचा निळा कोट उचलला. तिला वाटलं, आता तो फेकून देणार. त्याने तो लावलेल्या पट्ट्यांच्या वरून पोराच्या अंगावर पांघरला आणि कडा खोचल्या. मग सरळ उभा राहिला आणि टॅम्सिनपुढे हात केला.

"किल्ली दे," तो म्हणाला. "गाडी मी चालवतो."